सोनुबाईच्या मानेतली गाठ

मी एक सुई आहे, पण मला नेढं नाही. आतून पोकळ, केसासारखी बारीक. बेळगावच्या एका दवाखान्यात मला पाण्यात उकळत, टोक बोथटलं की दगडावर घासत. मानेच्या गाठीत शिरायचं आणि आतलं थेंबभर ओढून काचेवर ठेवायचं, हे माझं काम. सोनोग्राफीचं यंत्र आलं, तेव्हापासून पडद्यावर बघत बघत, शिरा चुकवत मला गाठीत उतरवू लागले.

माणसं मात्र मला फार भितात.

सोनुबाई निपाणीच्या तंबाखू वखारीत कामाला होती. ती आली तेव्हा तिच्या मानेत चिंचोक्याएवढी गाठ होती. कडेवर तान्ही लेक मनी, सोबत थोरले दीर सत्याप्पा.

“टोचा की बाई. कसली गाठ हाय ते तरी कळूद्या,” सोनुबाई डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

“न्हाय! गाठीला सुई लागली की ती खवळती,” सत्याप्पा म्हणाले.

“आप्पा, टोचून कुणाचा कान खवळलाय का हो?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“कान आणि गाठ एकच व्हय? चल गं, ऊठ.”

मी तबकात कोरडीच राहिले.

ती परत आली ते दुसरं वर्ष सरता सरता. घरच्यांनी गाठीवर बिब्बा घातला होता. कातडी जळली होती, गाठी वाढल्या होत्या. कसला रोग कुणास ठाऊक, पोरीला लागायचा, म्हणून तान्ह्या मनीला तेव्हापासूनच सदलग्याला नणंदेकडं, मालुबाईकडं ठेवलं होतं.

जळकी कातडी टाळून डॉक्टरीणबाईंनी मला आत घातलं.

“झालं.”

“एवढंच व्हय?” म्हणत सोनुबाई रडायला लागली.

काचेवर क्षय निघाला. छातीचा फोटो स्वच्छ होता.

“गोळ्यांनी बरी होशील. गाठीतला क्षय लेकराला लागत नाही. पोरीला खुशाल जवळ घे.”

सत्याप्पांनी हळूच विचारलं, “म्हंजे, तवाबी लागत नव्हता?”

“नव्हता.”

पुढच्या खेपेला मालुबाई मनीला घेऊन आली. सोनुबाईनं हात पसरले. “ये गं, माझी राणी.”

मनीनं मालुबाईच्या लुगड्यात तोंड खुपसलं. “आई, घरला चल की,” ती मालुबाईलाच म्हणाली.

“अगं, तुझी आई ही!” मालुबाई तिला पुढं ढकलू लागली.

“ऱ्हाऊद्या आक्का,” सोनुबाई म्हणाली. “रडवू नगा तिला.”

आता एकदाच वापरायच्या सुया आल्या आहेत. मी खणात गंजत पडले आहे. जाता जाता एवढंच मागते, मानेत गाठ दिसली तर माझ्या बहिणींना भिऊ नका. टोचलेलं दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. त्या पहिल्या दिवशी मला टोचू दिलं असतं, तर मनी आपल्या आईच्याच कुशीत वाढली असती.