आधुनिक वळणाची पाटी

मलकापुरात शंकरराव पेंटरचं नाव मोठं होतं. दुकानाच्या पाटीवर तर ते चांगलं चार हात लांब होतं, आणि काढलेलं होतं त्यांच्या बायकोनं, चांगुणानं. गावातल्या बाकीच्या पाट्याही तीच काढायची. मागच्या खोलीत पत्रा आडवा टाकून, खडूच्या दोऱ्यानं ओळ मारून ती अक्षरं भरायची. 'कापूस'च्या उकाराला फुटलेलं बोंड लटकवायची, 'शिवणकाम'च्या वेलांटीत सुई ओवायची. शंकररावांकडे त्याहून अवघड काम होतं. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाबरोबर चहा पिऊन कलेवर बोलायचं.

बासष्ट साली पंचायत समिती आली आणि नवे सभापती उत्तमराव दुकानात आले.

"शंकरराव, उद्घाटनाले मुंबईचे साहेब येऊन राह्यले. त्याइच्या समोर, स्टेजवर पाटी रंगवा. लोकाइले कला दिसली पाह्यजे."

"हाव, हाव," शंकरराव म्हणाले आणि घामाघूम होऊन आत आले. "चांगुणा, हात दुखते म्हणून सांगू का?"

"कायनं दुखते म्हणसान? कपबशी उचलून?"

तरी तिनं आठ दिवस त्यांना शिकवलं. आठ दिवसांत ते ब्रश झोकात धरायला शिकले.

उद्घाटनाला चांगुणा बायकांत बसली होती. शंकररावांचा 'पं' बैलाएवढा निघाला. मग 'समिती'ला जागा पुरेना, आणि 'मलकापूर'चा 'र' कोपऱ्यात जाऊन उकिडवा बसला. वरची रेघ डावीकडून निघाली ती गडगडत खालीच आली. चांगुणानं तोंडाला पदर लावला. अकरा वर्षं जपलेल्या कामाची अशी वरात निघाली होती. मांडवातली माणसं साहेबांच्या तोंडाकडे बघू लागली.

मुंबईचे साहेब उठले. त्यांनी चष्मा पुसला.

"अप्रतिम! याला म्हणतात आधुनिक वळण. विकास कसा तळागाळापर्यंत उतरलाय, पाहा!"

उत्तमरावांना तो लगेच उतरताना दिसला. टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या दिवसापासून शिंपी, वैद्य, किराणावाले, सगळ्यांना आधुनिक पाटी हवी झाली.

"अशीच काढ बरं," शंकरराव बायकोला म्हणाले.

चांगुणानं मनापासून प्रयत्न केला. पण हात वाकडा जाईना.

"हे तुमालेच येते," ती म्हणाली. ब्रश त्यांच्या हातात देऊन ती पुढच्या खोलीत जाऊन बसली आणि तिनं चहा मागवला.

दोन महिन्यांनी पिठाच्या गिरणीवाल्या रुखमाबाई तणतणत आल्या.

"काव चांगुणा, तुह्या नवऱ्यानं पाटी लावल्यापासून लोकं दळण घेऊन बाजूच्या दवाखान्यात जाऊन राह्यले! मले वाचता येईन अशी पाटी दे."

"साहेबाले नाई आवडाची."

"साहेब दळण आणते का माह्याकडे?"

चांगुणा उठली. तिनं दोरा ताणून ओळ मारली. 'गिरणी'च्या शेवटच्या वेलांटीतून तिनं पांढरंशुभ्र पीठ खाली सांडवलं, असं की रुखमाबाईंनी नकळत पदर पुढे केला. मग खालच्या कोपऱ्यात, जिथं ती आजवर नवऱ्याचं नाव घालायची, तिथं बारीक अक्षरांत लिहिलं: 'चांगुणा पेंटर'.

शंकररावांनी ते दोनदा वाचलं.

"लोकं काय म्हणतीन?"

"म्हणतीन कायले? वाचतीन," चांगुणा म्हणाली आणि त्यांना शिडी आणायला पाठवलं.