धुतलेला थर्मास

मल्सूनने थर्मासचं झाकण उघडलं आणि ती मोरीपाशीच थबकली. आत ना बोराची साल, ना दालचिनीचा चुरा. थर्मास लख्ख धुतलेला होता, पुसून कोरडासुद्धा केलेला.

पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने, फिलजेने, साधा चमचा विसळला नव्हता. कोरियातल्या ग्वांगजू शहराच्या पाणीखात्यातून निवृत्त झाल्यापासून हे महाशय आठवड्यातून तीनदा मुदुंग डोंगर चढायला जायचे आणि घरी आले की पाठीवरची पिशवी दारात टाकून खालून तापवलेल्या ऊबदार जमिनीवर आडवे व्हायचे. पिशवी रिकामी करणं, थर्मासच्या तळाचा गाळ खरवडणं ही बायकोची कामं.

थर्मासात भरून द्यायचा काढा मात्र ती जीव लावून करायची. आदल्या दिवशी आल्याचा रस काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, तळाचा पांढरा साका टाकून वरचा रस तेवढा घ्यायचा. वाळलेली लाल बोरं तीन तास शिजवून चाळणीवर घासायची. दिवसभर बाजारातल्या गाळ्यात लोकांच्या विजारी आखूड करून मान मोडून आलेली असली, तरी यात तिने कधी हयगय केली नाही.

महिन्याभरापासून त्याने नवीनच टुमणं लावलं होतं. आलं कमी घाल, घसा जळतो. मध जरा वाढव. परवा तर वर चिलगोजे हवेत म्हणाला. दातांत अडकतात म्हणून जन्मभर चिलगोज्यांना नाक मुरडणारा हा माणूस. वय झालं, पोट नाजूक झालं असेल, असं समजून ती बिचारी औषधांच्या दुकानात विचारूनही आली होती.

आता तिला सगळं उमगलं. महिनाभर ती दुसऱ्याच कुणाच्या जिभेसाठी राबत होती.

"मिरानचे बाबा, थर्मास कोणी धुतला?"

"मीच. वर झऱ्यावर."

"झरा पंधरा दिवस गोठलाय. तुम्हीच सांगत होता."

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

"तिला आलं सोसत नाही वाटतं," मल्सून म्हणाली.

तो उठून बसला. डोंगरावर जाणाऱ्या मंडळींतलीच एक बाई आहे, नवरा वारलाय, उतरताना तिच्याकडे जरा टेकतो, भलतंसलतं मनात आणू नकोस, असं त्याने अडखळत सांगितलं. मग म्हणाला, "नुसता काढा तर पितो आम्ही."

नुसता. मल्सूनचा संताप संताप झाला. बाईवरून ती एक वेळ भांडून मोकळी झाली असती. पण त्या घरची ऊब तिने स्वतःच्या हातांनी भरून दिली होती, आणि वर 'आज गोड झालाय ना?' असंही दर वेळी विचारलं होतं. केसाने गळा कापला होता या माणसाने.

सकाळी तो निर्लज्जासारखा तयार झाला. दारातल्या खोलगट जागेत बसून बूट चढवले, नाड्या आवळल्या आणि थर्माससाठी हात पुढे करून थांबला. चुलीवर पातेलं वाफाळत होतं.

"भरलास का?"

"पिते आहे," ती आतून म्हणाली.

इतक्या वर्षांत तिने चवीपुरता पळीभर घेतला होता, वाडगाभर कधीच नाही. यात आलं पुरेपूर होतं. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी ती फुंकर घालत पीत राहिली.

बूट घालून घरात पाऊल टाकायची रीत नव्हती, म्हणून तो तिथेच खाली उभा राहिला. तिने दुसरा वाडगा भरून घेतला.