खोकला नावाचे पॅकेज

संगणक चालवणाऱ्या आमच्या प्रणालीचा, म्हणजे आमच्या लिनक्स वितरणाचा, अभिमान एका वाक्यात मावतो: यातले प्रत्येक पॅकेज, म्हणजे प्रत्येक छोटा प्रोग्राम, आम्ही मूळ सोर्स कोडपासून स्वतः बांधले आहे, बाहेरून तयार आणलेले काहीही नाही. नव्या प्रोसेसरसाठी सारे पहिल्यापासून उभारताना त्या वाक्यावरच गदा आली.

एक पॅकेज जागा वाचवायला आवळून ठेवलेल्या फायली उलगडणारे होते, दुसरे मदतीची पाने तयार करणारे. पहिले बांधायला दुसरे हवे, कारण त्याची मदतपाने दुसऱ्यानेच करायची. दुसरे बांधायला पहिले हवे, कारण त्याचा कोड आवळलेल्या फायलीत बंद होता. नव्या यंत्रावर दोन्हींचा पत्ता नव्हता.

"उसनं आण," गटप्रमुख म्हणाले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. ते मला घुम्या म्हणतात. "दुसऱ्या वितरणातलं तयार उचल आणि काम उरक. उद्या सगळ्यांसमोर दाखवायचंय. कुणाला कळतंय?"

मला कळणार होते. पण तेवढे बोलता आले असते तर घुम्या हे नाव कशाला पडले असते? "संध्याकाळपर्यंत थांबा," एवढेच म्हणालो आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात ताईचा फोन आला.

"आवाज का पडलाय रे?"

"दोन पॅकेजं अडून बसलीत. हे म्हणतं आधी तू, ते म्हणतं आधी तू."

"म्हणजे आपले आई-बाबाच की. त्यांचा अबोला कसा सुटायचा, आठवतं? बाबा बोलायचे नाहीत, नुसते खोकायचे. आई म्हणायची, 'पाणी देऊ?' की झालं."

"खोटा असायचा तो खोकला."

"खोटा कसला? अर्धं बोलणं होतं ते."

फोन बंद झाला तरी ते 'अर्धं' जिन्यात रेंगाळत राहिले. बाबा गेल्यापासून घरात तसे कोणी खोकत नाही.

फायली उलगडायला मदतपाने लागत नाहीत; ती लागतात माणसांना. जागेवर येऊन मी पहिल्या पॅकेजच्या बांधणीतून पानांचा भाग वगळला. जे तयार झाले ते काम करी, पण स्वतःविषयी अवाक्षर काढत नसे. त्याला नाव दिले 'खोकला'. त्याने दुसऱ्याचा कोड उलगडला आणि दुसरे उभे राहिले. दुसऱ्याने मदतपाने केली, तेव्हा पहिलेही पुरते बांधून झाले. आता खोकल्याची गरज उरली नव्हती. तो पुसताना बोट क्षणभर कळेवर अडखळले. मग त्याच्यावाचून दोन्ही पॅकेजे पुन्हा बांधून पाहिली. बांधली गेली.

दादा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. "कुठून आणलंस?"

"आणलं नाही."

त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि पडद्यावरच्या ओळी स्वतः वरपासून तपासल्या. "हा खोकला कुणाला झाला होता?"

"बरा झाला," मी म्हणालो.

दादा हसले नाहीत. कप उचलून म्हणाले, "उद्या हे तू सांगायचंस."

"मी? दादा, तुम्हीच..."

"आधी तू."

दुसऱ्या दिवशी सभागृहात मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारले, "यात बाहेरचं खरंच काही नाही?" दादा माझ्याकडे पाहू लागले. मी उठलो. शब्द कुठल्या कुठे गेले होते, म्हणून नुसताच खोकलो. कोणीतरी पाण्याचा पेला पुढे केला.

"काही नाही," मी म्हणालो, आणि माझा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचलेला मला ऐकू आला. "सगळं आमचं आहे. कसं, ते सांगतो."