हौद बंद करायचा रविवार

हिशेबच मांडायचा तर त्या रविवारी रोझेरला मिळणार होतं ते असं: डुकराच्या मांसाचा रोस्ट, त्याच्याच चरबीत तांबूस झालेले बटाटे, वर साखरेचं सारण भरलेला गोड ‘शुगर पाय’, आणि ज्या घराच्या भिंती त्याने स्वतः रंगवल्या होत्या त्या घरात दिवसभर मालकासारखं वावरायची मुभा. बदल्यात द्यायची होती कंबर, आणि ती आधीच फारशी शिल्लक नव्हती.

मिरेयशी त्याचा घटस्फोट होऊन चार वर्षं झाली. घर तिच्याकडे राहिलं, तो जोलिएत गावी दोन खोल्यांत राहायला गेला. वाटणीत गाडीचा निकाल लागला, कुत्र्याचा लागला, ख्रिसमसच्या दिव्यांचासुद्धा लागला. मागच्या अंगणातल्या पोहण्याच्या हौदाबद्दल मात्र दोघांपैकी कुणी तोंड उघडलं नाही. मग आपोआपच ठरून गेलं: मे महिन्यात हौद उघडायला रोझेर येणार, ऑक्टोबरमध्ये बंद करायलाही तोच येणार. आमच्याकडची जमीन हिवाळ्यात कंबरभर खोल गोठते. काँक्रीटखालच्या नळ्यांत थोडं जरी पाणी राहिलं तरी त्याचा बर्फ होतो आणि नळी तडकते. म्हणून थंडीआधी नळ्यांत हवा मारून त्या कोरड्या करायच्या, बुचं ठोकायची आणि हौदाला झाकण घालायचं. हे काम कुणी पैसे देऊन करून घेत नाही असं नाही, पण घरात नवरा असेल, जुना का होईना, तर लोक त्याच्यावरच भागवतात.

मी त्यांची शेजारीण. मधे सीडारच्या झाडांचं दाट कुंपण आहे. फटींतून थोडंफार दिसतं, ऐकू मात्र सगळं येतं.

यंदा एक गोष्ट रोझेर सोडून आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. मिरेयने हौद बुजवायचं ठरवलं होतं. जमीन गोठायच्या आत मातीचे ट्रक यायचे होते. ती त्याला सांगणारच होती. पण फोनवर तो म्हणाला, “रविवारी येतोय, रोस्ट कर,” आणि तिच्या तोंडून “बरं” निघून गेलं. सांगायला जी ताकद लागते ती तिच्यात उरली नव्हती, असं ती मला म्हणाली. चार उन्हाळे पाण्यात पाय न घालता हौदातली पानं काढणाऱ्या बाईचं मला ते पटलं.

रविवारी तिचा धाकटा भाऊ गाएतान कॉम्प्रेसर घेऊन हजर झाला. 

“काय दाजी, कंबर काय म्हणते?”

“तुझ्या बहिणीपेक्षा कमी बोलते. आणि दाजी म्हणू नकोस, चार वर्षं झाली.”

“घटस्फोट तुम्ही तिला दिलात. मला कुठे दिलात?”

कामाची वाटणी नेहमीचीच होती. रोझेर पंपाशी गुडघ्यांवर बसून नळीत हवा सोडणार, आणि गाएतान हौदाच्या काठावर उभा राहून बुडबुडे दिसले की ओरडणार. गाएतानला ओरडायला कामाची गरज नसते, त्यामुळे तो मधल्या वेळातही ओरडत होता: हॉकीवर, सरकारवर, रोझेरच्या टोपीवर. पहिल्या नळीचे बुडबुडे आले. रोझेर धापा टाकत आला, काठावर पालथा पडला, गार पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून रबरी बूच पिळलं आणि उठताना थोडा वेळ तसाच ओणवा राहिला. दुसऱ्या नळीलाही तेच.

राहिली तळाची नळी. ती सगळ्यांत लांब. हवा खोल टोकाच्या जाळीपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि बुडबुडे दिसताक्षणी झडप बंद केली नाही तर पाणी परत शिरतं. कॉम्प्रेसर घरघरत राहिला. स्वयंपाकघरातून रोस्टचा वास येऊ लागला, तसा गाएतानचा धीर सुटला.

“एवढी फुंकाफुंक कशाला, दाजी? ट्रकवाला काय नळ्या कोरड्या आहेत का ते बघून माती टाकणार आहे?”

रोझेरने कॉम्प्रेसर बंद केला. “कुठला ट्रकवाला?”

गाएतानने आधी आकाशाकडे पाहिलं, मग घराकडे. “रोस्ट करपतोय वाटतं,” असं म्हणून तो आत गेला. मिरेयने करपवलेला रोस्ट या गल्लीत अजून कुणी पाहिलेला नाही.

मिरेय हात पुसत पायरीवर आली. “सांगणार होते,” ती म्हणाली.

“कधी? माझ्यावर माती पडल्यावर?”

“थकले मी, रोझेर. तो हौद मला नकोय. कधीचाच नकोय.”

“मग ठेवलास कशाला?”

“तुला यायला काहीतरी हवं म्हणून.”

त्याने हातातली नळी खाली ठेवली. मग म्हणाला, “मागच्या वर्षी इथून गेल्यावर आठवडाभर अंथरुणात होतो. तुझं कुणी करणारं नाही म्हणून येत होतो मी.”

मग रोझेरने विचारलं, “बर्फ कोण काढतं?”

“कोपऱ्यावरचा ट्रॅक्टरवाला.”

“छताच्या पन्हाळी?”

“जाळ्या बसवून घेतल्या.”

“तळघरातला पंप? त्याचा काही भरवसा नाही.”

“नवा आणलाय. रोझेर, पुरे. कामं शोधू नकोस. जेवायला ये ना, नुसता. मेमध्ये ये, ऑक्टोबरमध्ये ये, वाटेल तेव्हा ये.”

“काही न करता तुझ्या टेबलाशी बसू? पाहुण्यासारखा?”

“पाहुण्यासारखाच.”

“मग त्यापेक्षा नाहीच आलेलं बरं.”

“नको येऊस मग,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “तुला बोलवायला दरवर्षी एक हौद सांभाळणं आता मला होत नाही.”

मला वाटलं, आता तो हत्यारं आवरून निघेल. त्याने कॉम्प्रेसर पुन्हा सुरू केला. अर्धं काम टाकून जाणं त्याच्या स्वभावात नाही, आणि कदाचित दुसरं काय करावं ते त्याला सुचलंही नसेल. पण बुडबुडे बघायला काठावर कुणी नव्हतं. पंपापासून खोल टोक दिसत नाही. गाएतान आत चमचे वाजवत होता. रोझेर दोनदा उठला, काठापर्यंत गेला, परत आला. तिसऱ्यांदा त्याला उठवेना.

तेव्हा मिरेय घरातल्या सपातांवरच पायऱ्या उतरली आणि खोल टोकाशी जाऊन उभी राहिली. वारं गार होतं. ती हाताची घडी घालून पाण्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने ओरडली, “आले!”

“मोठे का बारीक?”

“मोठे! कर बंद!”

त्याने झडप फिरवली आणि कॉम्प्रेसर बंद केला. अंगण एकदम शांत झालं.

“झालं,” असं म्हणून तो पंपाजवळच्या ओट्यावर टेकला. ती येऊन त्याच्या शेजारी बसली. गोठायच्या आधीच मातीखाली जाणार होत्या त्या नळ्या आता खडखडीत कोरड्या होत्या.

त्याने जमिनीकडे बघत विचारलं, “पाहुणा म्हणून यायचं तर काय आणायचं असतं?”

“वाईन. लाल. आणि यायच्या आधी फोन करायचा, विचारायला.”

“विचारायला,” तो म्हणाला, आणि उठायला तिचा हात धरला.

मे महिन्यात तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात बाटली. हौदाच्या जागी ओल्या मातीचा चौकोन होता आणि गवत नुकतं फुटत होतं. गाएतानही होता, अर्थात. मीही होते. रोझेर खुर्चीत ताठ बसला होता, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. मधेच त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, “मिरेय, जरा पाणी मिळेल का?” आणि ती ग्लास आणेपर्यंत तो जागचा हलला नाही; एरवी या घरात तो स्वतःच उठून नळाशी जायचा.

आता जमाखर्च. गाएतानने काही भरलं नाही, तो दोन्ही वेळा पोटभर जेवला. मिरेयने ट्रकवाल्याला पैसे दिले आणि वर पाहुण्याची सरबराई अंगावर घेतली. नवऱ्याला वाढण्यापेक्षा त्यात कष्ट जास्त. बाकीचं सगळं रोझेरने भरलं. घटस्फोटाच्या कागदांवर सही करूनही जे घर त्याने चार वर्षं मनातून सोडलं नव्हतं, ते त्याने त्या मागून घेतलेल्या एका ग्लासभर पाण्याच्या बदल्यात देऊन टाकलं.