राहिलेल्या मॅचचा चषक

मी सावित्री चषक बोलतोय. नाव भारदस्त आहे म्हणून मला चांदीचा समजू नका. महाडच्या तांबट आळीत एका कळशीचा गळा कापला, तिला गंगाळाच्या दोन कड्या जोडल्या, आतून कल्हई केली आणि झालो मी चषक. माणसांचं पितळ उघडं पडलं की ती तोंड लपवतात. माझं पितळ पहिल्या दिवसापासून उघडंच आहे, त्यामुळे मी कुणाला भीत नाही.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या आठ संघांच्या फुटबॉल लीगचा मी फिरता चषक. आमच्याकडे ज्याला बघावं तो क्रिकेट खेळतो. त्यातूनही काही वेडी पोरं फुटबॉलकडे वळली, हे माझं नशीब. भात कापून शेतं मोकळी झाली की लीग सुरू होते आणि शिमगा झाला की आटपते. आमच्यात फायनल नसते. प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा खेळतो, ज्याचे गुण जास्त त्याचा मी. मग वर्षभर त्या संघाच्या कॅप्टनच्या घरी माझा मुक्काम. बिरवाडी पाहिली, पोलादपूर पाहिलं, आंबेनळीच्या पायथ्याचं एक थंडगार गाव पाहिलं. तुडील तेवढं राहिलं होतं.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय, त्या वर्षी मी महाडात श्रीधर सरांच्या शोकेसमध्ये होतो. श्रीधर सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि लीगचे अध्यक्ष. त्यांचा मुलगा ओजस हा आदल्या वर्षी जिंकलेल्या महाड शहर संघाचा कॅप्टन. बाप अध्यक्ष, मुलगा कॅप्टन आणि चषक घरात. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत लोकांनी नाकं मुरडली असती. पण सरांनी एकदा ओजसलाच एका मॅचला बाहेर बसवलं होतं, रेफरीला उलट बोलला म्हणून. त्यामुळे सगळे गप्प होते, आणि मीही खरंच निर्धास्त होतो.

कमिटीच्या बैठका सरांच्या ओटीवर व्हायच्या. प्रत्येक संघाचा एक माणूस यायचा. आमच्याकडे हात वर करून मतदान करत नाहीत. मामा एका संघात, भाचा दुसऱ्या संघात, कशाला उगाच हात मोजून घरात भांडणं लावायची? म्हणून सर ठराव सांगायचे आणि तीनदा विचारायचे, “हरकत आहे?” तिन्ही वेळा कुणी बोललं नाही, तर ठराव मंजूर. ऐकायला हे सोपं वाटतं, पण त्यातली खुबी मला ठाऊक होती. सर विचारताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचे. कुणी चुळबुळ केली, कुणी उगाच चहाच्या कपात डोकावलं, की सर म्हणायचे, “तू बोल रे.” आणि तो बोलायचा.

त्या वर्षी तुडीलच्या संघानं कमाल केली. तुडीलच्या बौद्धवाडीतली ही पोरं. कॅप्टन अश्वजित, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिफ्टला जाणारा. गोलकीपर चंदू, अंगानं आडवा, त्यामुळे अर्धा गोल तो उभा राहूनच अडवायचा. नदीकाठच्या मोकळ्या जागेत सराव करून त्यांनी एकेकाला घरी पाठवलं. शेवटची एकच मॅच राहिली, तुडील विरुद्ध महाड शहर. तुडील एका गुणानं पुढे. बरोबरी झाली तरी मी तुडीलचा, आणि महाडला मात्र जिंकावंच लागणार होतं. मॅच ठरली रविवारी. नेमका तोच रविवार जनता कर्फ्यूचा निघाला आणि त्यानंतर सगळंच बंद झालं.

ज्या शाळेच्या मैदानावर ती मॅच व्हायची होती, त्या शाळेत मुंबईहून आलेल्या माणसांना वेगळं ठेवू लागले. ओजस खोलीत दार लावून भिंतीवर चेंडू आपटायचा. सर टीव्हीवर आकडे बघायचे आणि त्यांचा चेहरा उतरायचा. इतकी वर्षं ज्यांनी पोरं सांभाळली, त्यांना आता पोरांचीच भीती वाटत होती. कुणाला काही झालं तर काय तोंड दाखवू, असं ते कालिंदीबाईंना म्हणायचे. कालिंदीबाई म्हणजे सरांच्या पत्नी. मला पुसायचं काम त्यांचं, आणि सरांचं चुकलं तर सांगायचं कामही त्यांचंच.

अखेर एप्रिलात लीगची बैठक फोनवर घ्यायची ठरली. सरांना फोन उभा करायला काही सापडेना, तेव्हा त्यांनी मला शोकेसमधून काढून टेबलावर ठेवलं आणि फोन माझ्या पोटाला टेकवला. चषकाचा असा उपयोग दुसऱ्या कुठल्या लीगनं केला असेल असं मला वाटत नाही. मला समोर फक्त सरांचं तोंड दिसत होतं. बाकीचे नुसते ऐकू येत होते, तेही तुटक तुटक.

चिटणीस शुभदाताई पोलादपूरहून बोलत होत्या. बँकेत नोकरी, कुठल्याच संघाशी संबंध नाही, म्हणून तर त्यांना चिटणीस केलेलं. त्यांनी तीन वाटा मांडल्या. हंगाम रद्द करायचा, किंवा जो पुढे आहे त्याला विजेता ठरवायचं, किंवा थांबायचं आणि जमेल तेव्हा मॅच खेळवायची. मग जी गरमागरमी झाली! पोलादपूरचा म्हणाला, नाणं उडवा. बिरवाडीचा म्हणाला, परदेशात मोठमोठ्या लीगांचंही असंच अडलंय, आपण कोण लागून गेलो. कुणी म्हणालं, तुडीलला द्या. लगेच दुसरा म्हणाला, मॅच न खेळता कसा द्यायचा? सगळे एकदम बोलत होते आणि सरांच्या कपाळावर घाम जमत होता. शेवटी त्यांनी ठराव सांगितला. हंगाम रद्द. चषक आहे तिथेच राहील.

सरांनी सवयीनं विचारलं, “हरकत आहे?” फोनमधून खरखर आली. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुणीतरी खोकलं. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा काहीच आलं नाही. ठराव सर्वानुमते मंजूर झाला आणि तासाभरात लीगच्या ग्रुपवर जाहीरही झाला. मला परत शोकेसमध्ये ठेवलं. मला ती जागा आवडायची, पण त्या दिवशी तिथं बसायला मला लाज वाटली.

पुढच्याच आठवड्यात अश्वजित आला. कारखान्यात औषधाचा कच्चा माल बनायचा म्हणून त्याला कामाचा पास होता. शिफ्टवरून सुटून तो थेट सरांकडे आला. तोंडाला रुमाल बांधलेला, अंगणाच्या कडेलाच उभा राहिला. सर ओटीवर आले.

“सर, मी हरकत हाय बोललो व्हतो,” तो म्हणाला.

सर म्हणाले की मी तीनदा विचारलं, तू एकदाही बोलला नाहीस.

“आमच्याकडं खाली रेंज नाय. टेकडीवर चढून उभा व्हतो. तीनदा वरडलो. रेंज गेलती सर, मी नव्हतो गेलो.”

सरांनी त्याला समजावलं. एकदा जाहीर झालेला निर्णय फिरवला, तर उद्या जो तो दारात येईल. शिवाय ही वेळ काय खेळाची आहे का? पोरांचे जीव महत्त्वाचे. अश्वजितनं सगळं ऐकून घेतलं. मग तो शांतपणे बोलला.

“मी चषक मागत नाय, सर. मॅच मागतोय. आज नको, उद्या नको. कधीपन ठेवा. पन ती झालीच नाय असं नका बोलू.”

तो निघून गेला. ओजस खिडकीशी उभा राहून ऐकत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. न खेळता मिळालेली वस्तू घरात ठेवणं त्या पोराला जड जात होतं, आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

सर मात्र हट्टाला पेटले. माझी पद्धत इतकी वर्षं चालली, आजच काय झालं, असं दोन-तीनदा म्हणाले. कालिंदीबाई मला चिंचेनं घासत होत्या. घासता घासता त्यांनी विचारलं, “शाळेत हजेरी घेताना तुम्ही नाव पुकारलं आणि पोर गप्प राहिलं, तर काय मांडायचात?”

“गैरहजर,” सर म्हणाले.

“मग अश्वजितच्या पुढं हजर कसं मांडलंत?”

कालिंदीबाईंनी मला धुऊन पुसून जाग्यावर ठेवलं. जन्मभर हजेरी घेतलेल्या माणसाला हजेरीच चुकली होती, आणि ती चूक त्यांना एका वाक्यात दिसली. त्या दिवशी सर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ग्रुपवर कळवलं की मागची बैठक धरू नये, चूक अध्यक्षाची आहे, बैठक पुन्हा होईल. ‘चूक अध्यक्षाची’ हे शब्द ज्या माणसाला लिहिता येतात, त्याच्या घरी राहिलो याचा मला अभिमान आहे.

दुसरी बैठक टाळेबंदी सैल झाल्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर झाली. मी पुन्हा फोनखाली. अश्वजित या वेळी वीर स्टेशनच्या बाहेर जाऊन बसला होता, कारण तिथं रेंज भरपूर. गाड्या बंद, रिक्षा बंद, स्टेशनवर चिटपाखरू नाही. सरांनी ‘हरकत आहे?’ विचारलंच नाही. एकेका संघाचं नाव घेतलं आणि उत्तर मिळेपर्यंत थांबले. पोलादपूरला उत्तर द्यायला इतका वेळ लागला की मला वाटलं माणूस जेवून परत येतोय.

गंमत अशी की आता वारं फिरलं होतं. मागच्या वेळी गप्प बसलेल्यांना तुडीलचं वाईट वाटत होतं. चषक तुडीललाच देऊन टाका, असं एकामागून एक सगळे म्हणू लागले. ओजसही महाडच्या वतीनं म्हणाला, द्या. राहिला फक्त तुडीलचा आवाज. अश्वजितनं नुसतं हो म्हटलं असतं, तर मी त्या आठवड्यात त्याच्या घरी असतो. तुडीलची पोरं इतक्या वर्षांत पहिल्यांदा जिंकली असती. आणि मॅच झाली तर हरायचीही शक्यता होती. मी श्वास रोखून ऐकत होतो, चषकाला असतो तेवढा.

“देऊ नका,” अश्वजित म्हणाला. “मॅच ठेवा.”

म्हणून हंगाम उघडाच राहिला. ठरलं असं की त्या रविवारी ज्यांची नावं संघात होती, तेच खेळतील, मॅच केव्हाही होवो. आणि तोवर मी ना महाडचा ना तुडीलचा, म्हणून माझी रवानगी शुभदाताईंकडे पोलादपूरला झाली. तिथं मी एका कपाटावर बसून राहिलो. लाट आली, ओसरली, दुसरी आली. चंदू दवाखान्यात होता, असं शुभदाताई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, आणि तो घरी परतल्याचं कळलं तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढच्या पावसाळ्यात महाडात पूर शिरला. सरांचं शोकेस पाण्यात गेलं, मैदानावर गाळाचे थर बसले. तो गाळ महाडच्या आणि तुडीलच्या पोरांनी मिळून काढला. मॅच मात्र होत नव्हती. दरवेळी शुभदाताई पुढची तारीख कळवायच्या आणि दरवेळी आठही संघ नाव पुकारल्यावर हो म्हणायचे.

अखेर दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत ती मॅच झाली. ओजसचं मुंबईत नोकरीचं जमलं होतं, तो खास रजा काढून आला. अश्वजितच्या गुडघ्याला पट्टा होता. चंदू चार पावलं चालला की धापा टाकायचा. पण गोलकीपरला कुठे पळायचं असतं, असं म्हणून तो गोलात उभा राहिला. पूर्वार्धातच ओजसनं गोल मारला, अगदी देखणा. तुडीलची बायामाणसं खाली बसली. मग मॅच संपत आली असताना कॉर्नरवरून आलेला चेंडू अश्वजितच्या नडगीला लागला आणि गोलात गेला. इतका कुरूप गोल मी आजवर पाहिला नाही, आणि दुसरा कुठला गोल मला इतका आवडलाही नाही. त्यानंतर महाडनं हल्ल्यावर हल्ले केले. चंदूनं एक चेंडू पोटावर घेतला, एक तोंडावर घेतला. शिट्टी वाजली तेव्हा एक-एक होतं.

त्या दिवसांत हातातून हातात काही द्यायचं नाही असा नियम होता. म्हणून सरांनी मला मैदानात एका टेबलावर ठेवलं आणि ते मागे सरले. अश्वजित आला. त्यानं मला दोन्ही कड्यांना धरून स्वतःच उचललं. सर टाळ्या वाजवत होते आणि चष्म्याखालून बोट फिरवत होते.

सध्या मी तुडीलला असतो. त्यानंतरचे हंगामही झाले, मी मध्ये दोन घरं फिरून पुन्हा इथं आलो. शोकेस नाही, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखालच्या फळीवर माझी जागा आहे, आणि नदीवरचा वारा थेट अंगावर येतो. या वर्षीची लीग जवळ आलीय. कोण मला नेईल ते मला माहीत नाही आणि मी विचारतही नाही. खेळणाऱ्यांना एवढंच सांगतो, माझ्यावर दया करू नका, कुणाची दया आली म्हणून मला कुणाला देऊ नका. मॅच होऊ द्या. वेळ लागू दे. मी पितळेचा आहे, मला थांबता येतं.

परवा वाडीत पाहुणे आले होते. त्यांनी मला पाहिलं आणि अश्वजितच्या आईला, सुंदराबाईंना, विचारलं, हा तुम्हाला कोणी दिला?

सुंदराबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“दिला नाय कोनी,” त्या म्हणाल्या. “मैदानात ठेवला व्हता. पोरानं उचलून आनला.”