हाजराबीची गाठ

हाजराबीनं पाण्याचा तांब्या तोंडाला न लावताच खाली ठेवला आणि ओसरीच्या भिंतीला टेकून बसली. इतक्या वर्षांनी गावात पाऊल टाकलेलं, पण बोलायची घाई तिलाच होती. हैद्राबादेत बहिणीच्या घरी आणखी किती दिवस काढायचे? वेशीजवळची खोली अजून रिकामी आहे म्हणे. बांगड्यांचा व्यापारी ओळखीचा आहे, निम्मे पैसे रोख ठेवले की पेटी भरून द्यायला तयार आहे. पुन्हा पेटी डोईवर घ्यायची, चारठाण्याच्या बाजारापासून सुरुवात करायची. सगळं तिनं मनात मांडून ठेवलं होतं.

महादेवीनं तिच्या मोकळ्या मनगटांकडं पाहिलं आणि तिच्या नवऱ्याचं, अमीरभाईंचं विचारायचं टाळलं.

“बदलताना सातामागं एक गेला असंल, तो जाऊ द्या अक्का,” हाजराबी म्हणाली. “निजामचा रुपया बंद झाला तवा बहीण म्हणाली, तुझे पैसे बुडाले. मी म्हणलं, महादेवीअक्का हाय. तिनं कवाच बदलून सरकारी कलदार करून ठेवले असतील.”

महादेवी उठली. ‘आणते’ एवढंच म्हणाली आणि आत गेली. देव्हाऱ्यापुढं मात्र ती थांबली.

निजामाचं राज्य मोडायला हिंदी फौजा आल्या त्या आठवड्यात हाजराबी अशीच आली होती, पण मागच्या दारानं. नवरा बाजारला गेलेला परतला नव्हता. पदराखाली फडक्याचं पुडकं होतं. चांदीचे रुपये जड पडतात आणि वाजतात, म्हणून अमीरभाईंनी आधीच त्यांच्या बदल्यात निजामच्या हाली नोटा करून आणल्या होत्या. ही अमानत आहे, मी येऊस्तोर गाठ सोडू नका, एवढंच ती बोलली. महादेवीनं गळ्यातलं लिंग मुठीत धरून शब्द दिला. लिंगाची आण कोणी मागितली नव्हती. तिलाच राहवलं नाही. याच बाईनं तिच्या लग्नात चुडा भरला होता. हात दाबता दाबता साऱ्या बायकांसमोर म्हणाली होती, नवरीचा हात लय कडक हाय, मालकाचं काय खरं न्हाई.

पुढं दवंडी आली. निजामचा हाली रुपया बंद होणार, मुदतीच्या आत बदलून घ्या. सात हाली द्यायचे, सहा कलदार घ्यायचे. गावानं मडकी पालथी घातली, उशा उसवल्या. महादेवीचे मालक शिवलिंगअप्पा भुसार दुकानातला गल्ला घेऊन परभणीला निघाले, तेव्हा म्हणाले, ते पुडकंही दे. ती नाही म्हणाली. अप्पा मऊ स्वभावाचे, ते समजावत राहिले. आज सातातला एक जाईल, उद्या सातही जातील.

“तिनं सात ठेवलेत,” महादेवी म्हणाली होती. “मी सहा कसे देऊ?”

“अगं, तो एक सरकार घ्यायलंय. तू थोडीच घेतीस?”

“गाठ कुणी सोडायची मग? मी का सरकारनं?”

अप्पा हसले आणि गाडीत बसले.

तिनं वाट काढायचा यत्न केला नाही असं नाही. हैद्राबादेहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. बांगडीवाल्या मनियाराची हाजराबी कोणालाच ठाऊक नव्हती. मग तिनं रोजच्या नेमात एक नेम वाढवला. पूजा झाली की बेलाचं एक पान पुडक्यावर ठेवायचं आणि म्हणायचं, मुदतीच्या आत तिला आण देवा. मुदत सरली. नोटा घ्यायला सराफही तयार होईना. पान ठेवणं मात्र तिनं मोडलं नाही.

आजचंही पान वर होतं. ते तिनं उचलून देवापाशी ठेवलं आणि पुडकं घेऊन ती बाहेर आली. हाजराबीनं दोन्ही हात पुढं केले. पुडकं हातात पडताच ते हात जागीच थांबले.

गाठ तिचीच होती. दातांनी ओढून घट्ट केलेली, दुहेरी.

“सोडली न्हाई तुमी?”

“न्हाई.”

“एकदाबी?”

“शब्द दिला होता भाबी.”

आता ही रडेल, दोन शब्द बोलेल, असं महादेवीला वाटलं. बोलावं असंही वाटलं. हाजराबी नुसती गाठीवरून अंगठा फिरवत राहिली. मग तिनं तांब्या उचलला आणि सगळं पाणी एका दमात प्याली.

“लय सांभाळलं, अक्का,” ती म्हणाली आणि पुडकं न उघडताच पिशवीत घातलं. पुढं तिनं लेकरांचं विचारलं, गायीचं विचारलं. खोलीचं नाव काढलं नाही.

दुकानातून आलेल्या अप्पांना सगळं न सांगताच कळलं. त्यांनी काही कलदार नोटा तिच्यापुढं ठेवल्या. हाजराबीनं त्या हळूच मागं सारल्या.

“ठेवलेलं न्यायला आले होते दादा. मागायला न्हाई.”

उन्हं कलल्यावर महादेवी तिला देवगाव फाट्यापर्यंत पोचवायला गेली. दोघी बाभळीच्या सावलीत उभ्या राहिल्या. सेलूकडं जाणारी मोटार धुरळा उडवत आली. महादेवी रस्त्याच्या कडेला सरसावली. हाजराबीनं मात्र हात वर केला नाही. तिनं पदर नाकाला लावला आणि मोटार जाऊ दिली.

“थांबवायची होती की,” महादेवी म्हणाली.

“चालत जाते अक्का. सेलूत मावसबहीण हाय. ऊन बी उतरलंय.”

सेलू तिथून चार-पाच कोस. सकाळी हाजराबी मोटारीनंच आली होती. परत जायचं भाडं तिच्या हिशेबात धरलेलंच नव्हतं.

हाजराबीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालू लागली. महादेवी तिच्या जोडीनं निघाली. घराकडं फिरा, असं हाजराबी दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली नाही.