कोपऱ्यावरचं शिंग

त्र्याऐंशी साली मी सदतीस वर्षांचा होतो. नागपूरच्या एका कॉलेजात गणित शिकवायचो आणि प्रताप नगरातल्या एका खोलीत एकटा राहायचो. रोज संध्याकाळी सायकल काढून संगणक केंद्राच्या खिडकीवर जायचो. तिथे गोपिका बसायची. पंच केलेल्या, म्हणजे भोकांनी प्रोग्राम उतरवलेल्या कार्डांचा गठ्ठा तिच्याकडे द्यायचा, ती तो यंत्रात घालणार आणि उत्तर दुसऱ्या दिवशी मिळणार, अशी तिथली रीत होती.

माझं काम साधं होतं. चौकोनी लहर, म्हणजे एकदम वर चढणारी, सपाट चालणारी आणि एकदम खाली पडणारी रेघ, ही गोलसर साइन लहरींच्या बेरजेने कितपत जमते ते पाहायचं. फूरिये मालिका. पदं जितकी जास्त, तितकी बेरीज चौकोनाच्या जवळ. किती पदं घ्यायची ते एका कार्डावर असे, आणि उत्तर म्हणून त्या बेरजेचं ताऱ्याच्या खुणांनी छापलेलं चित्र मिळे. मी रोज तेवढंच एक कार्ड बदलायचो. काल सात, आज आठ.

खरं तर तेच काम पुन्हापुन्हा करायला सांगणारा लूप लावला असता, तर यंत्राने सगळी चित्रं एका दिवसात काढून दिली असती. हे मी वर्गात शिकवत होतो.

"आले बाई तुमचे साइनवाले सर," शिपाई नानाजी आतून ओरडायचा. गोपिका हसू दाबत कागद पुढे करायची.

एकदा तिने छापलेल्या ताऱ्यांच्या रेघेवर बोट ठेवलं. "सर, बाकी सारं बसून राहिलं, मंग कोपऱ्यावरचं हे शिंग काहून जात नाही?"

"ते जाणारच नाही. पदं वाढवली की अरुंद होतं, कोपऱ्याला आणखी चिकटतं. उंची मात्र राहतेच."

मग मी पंधरा मिनिटं बोललो. रांगेतला माणूस खोकला तेव्हा थांबलो. घरी जाताना एकेक वाक्य पुन्हा तपासलं. कुठेतरी चुकलोच असणार असं वाटत राहिलं.

मार्चमध्ये ती म्हणाली, "एकतीस तारखेले नोकरी सोडून राहिली, सर. भिलाईले जातो, भावाकडे. तो स्थळं पाहून राहिला."

मी "अच्छा" म्हणालो. एकतीसच्या आधी बोलायचं ठरवलं. वाक्यही तयार केलं: तुमच्या भावाला मी पत्र लिहिलं तर चालेल का? रोज ते वाक्य घेऊन खिडकीपर्यंत जायचो आणि कार्डं देऊन परतायचो. छत्तीस. सदतीस.

एकतीसला तिने माझा गठ्ठा घेतलाच नाही. एक जाड भेंडोळं पुढे केलं. "पन्नासपर्यंत सारे चित्र काढले. लूप लावला मी."

"तुम्हाला लूप येतो?"

"सहा वर्षं झाले, लोकाइचे कार्ड वाचून राहिली. तुमचं तर पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं मले."

"मग सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कशाले आले असते?"

ती माझ्याकडे पाहत थांबली. मागे रांग नव्हती. नानाजीही दिसत नव्हता. वाक्य तयार होतं. मी भेंडोळं उलगडलं, शेवटचं चित्र पाहिलं आणि म्हणालो, "पन्नासलाही शिंग आहेच."

"हो. आहे," ती म्हणाली. मग तिने खिडकीची फळी खाली ओढली.

अडतीसचं कार्ड माझ्या हातातच राहिलं. अजून आहे. वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवतो. एक पुस्तक संपलं की दुसऱ्यात.